महापालिकेत बांधकाम तपासणीचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांच्या भरतीच्या जाहिरातींत ‘बांधकाम निरीक्षक’ हे पद शोधायला गेलात, तर बहुतेक ठिकाणी ते त्या नावाने सापडणार नाही. जाहिरातीत ‘कनिष्ठ अभियंता (स्थापत्य)’ किंवा ‘स्थापत्य अभियांत्रिकी सहायक’ असे लिहिलेले असते. निवड होऊन बांधकाम परवानगी, नगररचना किंवा अतिक्रमण विभागात नेमणूक झाली आणि हाती एखादी बीट, म्हणजे देखरेखीसाठी नेमून दिलेला भाग, आली, की मग आपण निरीक्षक झालो आहोत हे कळते. पदविकेच्या तीन वर्षांत शिकलेले इथे उपयोगी पडतेच. पण हे काम मुख्यतः तीन गोष्टींवर चालते : नकाशा जमिनीवर वाचणे, दुसऱ्या कोणालाही पडताळता येईल असे मोजणे आणि मोजलेले कायद्याला मान्य होईल असे लिहिणे. यातली शेवटची गोष्ट कोणत्याही तंत्रनिकेतनात शिकवली जात नाही आणि बहुतेक प्रकरणे तिथेच कोसळतात. म्हणून या लेखात तिला जास्त जागा दिली आहे.

१. पात्रता आणि कागदपत्रे

कनिष्ठ अभियंता पदासाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी लागते. सहायक पदासाठी दहावीनंतरचा स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाचा अभ्यासक्रम किंवा त्याला समकक्ष ठरवलेली अर्हता चालते. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी राज्यस्तरीय संवर्गातून स्वतंत्र भरती होते, त्यामुळे केवळ महापालिकांच्या जाहिरातींवर डोळा ठेवून बसू नका. परीक्षेत विषयज्ञानाबरोबर मराठी, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन असते. स्थापत्यचे विद्यार्थी मराठीचे गुण गृहीत धरतात आणि तिथेच मागे पडतात.

कागदपत्र पडताळणीसाठी पुढील कागद मूळ प्रतींसह एकाच फाइलमध्ये ठेवा :

• दहावीचे प्रमाणपत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला
• पदविका किंवा पदवीची सर्व सत्रांची गुणपत्रके
• अधिवास प्रमाणपत्र
• लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र
• एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक प्रमाणपत्र
• लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र

इथले दोन सापळे नेहमीचे आहेत. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र जाहिरातीत दिलेल्या तारखेला वैध असावे लागते. ते नंतर काढून चालत नाही. दुसरे म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि इतर कागदांवरचे नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल किंवा लग्नानंतर नाव बदलले असेल, तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा.

२. कायद्याची चौकट डोक्यात बसवा

सगळे कायदे पाठ करण्याची गरज नाही, पण कोणत्या कलमाखाली आपण उभे आहोत हे प्रत्येक वेळी सांगता आले पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा पाया आहे. कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज होतो आणि ४५ खाली ती मंजूर किंवा नामंजूर होते. कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष टिकते आणि वर्षावर्षाने आणखी तीन वर्षांपर्यंत वाढवून मिळते. कलम ५३ अनधिकृत बांधकाम काढण्याच्या नोटिशीसाठी आहे आणि ५४ काम थांबवण्याच्या नोटिशीसाठी. कलम ५५ तात्पुरत्या स्वरूपाच्या अनधिकृत बांधकामांना लागू होते. याच्या जोडीला मुंबईबाहेरच्या महापालिकांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातले कलम २६० वापरले जाते आणि मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातली कलमे ३५१ आणि ३५४-अ.

माप कोणत्या नियमाशी ताडून पाहायचे हे विकास नियंत्रण नियमावली सांगते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत २०३४ ची नियमावली चालते. राज्याच्या बहुतांश उरलेल्या भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ही नियमावली वारंवार दुरुस्त होते. म्हणून छापील पुस्तकावर विसंबू नका आणि समोरच्या इमारतीला परवानगी कोणत्या तारखेची आहे व त्या दिवशी कोणता नियम लागू होता हे आधी पाहा. जुन्या नियमाने मंजूर झालेल्या इमारतीला आजच्या नियमाने दोषी ठरवणारा अहवाल पहिल्याच सुनावणीत बाद होतो.

३. नकाशा जमिनीवर वाचायला शिका

मंजूर नकाशा हातात घेतल्यावर नवखा माणूस थेट खोल्यांच्या मापांकडे जातो. अनुभवी माणूस आधी जागेचा नकाशा, उत्तर दिशा आणि क्षेत्रफळाचा तक्ता पाहतो. क्षेत्रफळ तीन ठिकाणी लिहिलेले असते : सात-बारा उताऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर, भूमि अभिलेख खात्याच्या मोजणी नकाशावर आणि मंजूर नकाशावर. हे तिन्ही आकडे जुळत नसतील, तर परवानगीसाठी कोणता धरला आहे ते फाइलमधून शोधा. जुन्या भागात गुंठ्यांत बोलले जाते, उताऱ्यावर हेक्टर-आर असते आणि नकाशावर चौरस मीटर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर, हे गणित तोंडी यायला हवे.

यानंतर येतो सर्वांत जास्त वाद घडवणारा प्रश्न : सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामधली मोकळी जागा, कुठून मोजायचे? जागेवर दिसणारी कुंपणाची भिंत म्हणजे भूखंडाची हद्द, असे गृहीत धरू नका. रस्तारुंदीत जाणारी पट्टी सोडून जी नवी रेषा ठरते, समोरचे अंतर तिच्यापासून मोजायचे असते, आणि बऱ्याच वेळा जुने कुंपण त्या रेषेच्या पुढे, म्हणजे उद्याच्या रस्त्यात उभे असते. मालक कुंपणापासून टेप धरतो आणि साडेचार मीटर दाखवतो. रेषेपासून ते तीनच भरते. बाजूच्या हद्दीबाबत शेजाऱ्याची तक्रार असेल, तर हद्द तुम्ही ठरवू नका. हद्द कायम करण्याचे काम भूमि अभिलेख खात्याचे आहे. त्या मोजणीची प्रत मागवा आणि अहवालात तसे नमूद करा.

४. जोते तपासणी : सगळ्यांत मोलाची भेट

एका इमारतीच्या आयुष्यात तुमच्या ज्या भेटी होतात, त्यांत जोत्याच्या पातळीवरची भेट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण त्या दिवशी चूक दुरुस्त करायला काही हजार रुपये लागतात आणि चार मजले चढल्यावर ती दुरुस्त होतच नाही. या तपासणीची सूचना परवानाधारक वास्तुविशारद किंवा अभियंता देतो. सूचना आली की भेट लांबवू नका. नियमावलीत ठरलेली मुदत उलटून गेली, तर काम पुढे नेण्याचा हक्क समोरच्याला मिळू शकतो.

जागेवर गेल्यावर क्रम असा ठेवा. प्रथम चारही बाजूंची सामासिक अंतरे घ्या, प्रत्येक बाजूला किमान दोन टोकांना, कारण तिरकस बसलेली इमारत एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला कमी भरते. मग जोत्याची बाहेरची लांबी-रुंदी घ्या. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजा. ९ मीटर बाय १२ मीटरच्या जोत्याचे दोन्ही कर्ण १५ मीटर यायला हवेत. ते वेगळे आले तर कोपरा काटकोनात नाही आणि कुठले तरी सामासिक अंतर खाल्ले गेले आहे. मग खांबांची संख्या आणि जागा नकाशाशी ताडून पाहा. नकाशात नसलेला जादा खांब किंवा समासात टाकलेला एकटा पाया दिसला, तर पुढे तिथे काय येणार आहे याचा अंदाज तिथेच येतो. वाहनतळासाठी मोकळ्या दाखवलेल्या जागेत आडव्या भिंतींचे पाये दिसले, तरी तसेच समजा.

टेप कोणी धरायचा हा किरकोळ वाटणारा मुद्दा नाही. शून्याचे टोक कंत्राटदाराच्या माणसाकडे आणि वाचन तुमच्याकडे, ही पद्धत टाळा. शून्याचे टोक आपल्या मुकादमाकडे किंवा सहकाऱ्याकडे द्या, टेप ताणलेला आणि आडवा सरळ आहे ना ते पाहा आणि वाचन मोठ्याने उच्चारून तिथल्या तिथे लिहा. लेझर मापक सोयीचा असतो, पण भर उन्हात त्याचा ठिपका दिसत नाही, म्हणून ३० मीटरचा पोलादी टेप बरोबर असू द्या.

बरोबर नेण्याच्या वस्तू : पोलादी टेप, लेझर मापक, ओळंबा, गुण्या, मंजूर नकाशाची प्रत, कडक पुठ्ठ्याची नोंदवही, जागा आणि वेळ उमटवणारा मोबाइल कॅमेरा, हेल्मेट, जाड तळव्याचे बूट, टॉर्च आणि ओळखपत्र. ओळखपत्र गळ्यात दिसेल असे असावे. लिफ्टच्या उघड्या खड्ड्याजवळ आणि कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेला फोटोसाठी मागे सरकू नका. हे वाचताना हास्यास्पद वाटेल, पण जागेवर डोळे कॅमेऱ्यात असतात.

५. काँक्रीट आणि सळई : किती पाहायचे

इथे एक फरक आधी समजून घ्या. खासगी इमारतीत बांधकामाच्या दर्जाची आणि संरचनेची जबाबदारी देखरेखीचे हमीपत्र देणाऱ्या परवानाधारक वास्तुविशारदाची आणि संरचना अभियंत्याची असते. तुमचे मुख्य काम मंजुरीप्रमाणे बांधकाम होत आहे का हे पाहण्याचे. महापालिकेच्या स्वतःच्या शाळा, नाले, पाण्याच्या टाक्या यांच्यावर नेमणूक झाली, तर मात्र दर्जा हेच तुमचे काम आहे. दोन्हीकडे आय.एस. ४५६ : २००० हे काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक जवळ असू द्या.

त्यातले रोज लागणारे काही आकडे असे. सळईवर काँक्रीटचे आवरण पायाला ५० मिलिमीटर, खांबाला साधारण ४० आणि सौम्य हवामानातल्या स्लॅबला किमान २० मिलिमीटर. समुद्रकिनाऱ्याच्या खाऱ्या हवेत हेच आवरण ४५ मिलिमीटरपर्यंत जाते आणि काँक्रीटची प्रत किमान एम-३० लागते. अलिबाग किंवा रत्नागिरीत नेमणूक असेल, तर आतल्या जिल्ह्यातला अंदाज तिथे लावू नका. काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. आधार काढण्याबाबत घाई सगळीकडे होते : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस राहायला हवेत; सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे १४ आणि त्यापुढचे २१ दिवस. खांबाच्या रिंगांची टोके काटकोनात सोडलेली दिसली तर थांबवा. भूकंपरोधक बांधणीच्या आय.एस. १३९२० मध्ये ती १३५ अंशांत आत वळवलेली लागतात. सळईचे वजन तपासायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र पुरते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ०.८९ किलो भरली पाहिजे.

काँक्रीटचे ठोकळे १५० मिलिमीटरचे असतात आणि एका नमुन्याचे तीन ठोकळे २८ दिवसांनी तपासले जातात. एम-२५ साठी एका ठोकळ्याने ५६२.५ किलोन्यूटन भार पेलला, तर २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद येते. प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना भाराचा रकाना स्वतः भागून पाहा. सगळे ठोकळे दशांशापर्यंत एकसारखे दिसले, तर संशय घ्या. खरे काँक्रीट इतके एकसारखे नसते. आणि तयार काँक्रीटच्या गाडीत जागेवर पाणी ओतले जात असेल, तर ते ठोकळे भरण्याआधी की नंतर, हे डोळ्यांनी पाहा.

महापालिकेच्या कामात जे झाकले जाणार आहे, म्हणजे पाया, सळई, खडीचा थर, त्याचे माप झाकण्याआधी मोजमाप पुस्तिकेत चढवा. तिथे खाडाखोड किंवा व्हाइटनर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेषेने कापून वर बरोबर आकडा लिहा आणि बाजूला सही करा.

६. लिहिणे : अहवाल, पंचनामा, नोटीस

‘जागेवर जास्तीचे बांधकाम आढळले’ असे वाक्य असलेले शेकडो अहवाल कार्यालयांत पडून आहेत आणि त्यांतल्या एकाच्याही बळावर वीट हलवता येत नाही. तेच असे लिहून पाहा : ‘सकाळी ११.२० वाजता पाहणी केली असता पश्चिमेकडील सामासिक अंतर मंजूर नकाशात ३.०० मी. असून प्रत्यक्षात १.८५ मी. आढळले. या अंतरात ४.२० मी. × १.१५ मी. मापाची वीटकामाची खोली असून छत पत्र्याचे आहे. गिलावा झालेला नाही. तीन मजूर काम करत होते.’ यात वेळ, दिशा, मंजूर आणि प्रत्यक्ष मापे, साहित्य आणि कामाची अवस्था आली. ‘काम चालू’ की ‘काम पूर्ण’ हे लिहायला विसरू नका, कारण थांबवण्याची नोटीस आणि काढण्याची नोटीस यांची निवड त्यावर ठरते. तुमचा तर्क अहवालात घालू नका. ‘भाड्याने देण्याच्या हेतूने’ असे लिहिले, की उलटतपासणीत तो हेतू तुम्हालाच सिद्ध करावा लागेल.

सोबत हाताने काढलेला साधा आराखडा जोडा, त्यात उत्तर दिशा दाखवा आणि फोटोंना क्रमांक देऊन कोणता फोटो कोणत्या बाजूचा ते लिहा. पंच शक्यतो आपल्या खात्याबाहेरचे असावेत आणि त्यांनी पंचनामा वाचून सही करावी. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नंतर मजकूर भरण्याची पद्धत कोणी शिकवली, तर ती शिकू नका.

नोटिशीत मिळकतीचे वर्णन सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांकासह, मालक आणि भोगवटादार दोघांची नावे, बांधकामाची मापे, कलम आणि मुदत असावी. नोटीस ज्याच्या नावाने काढली तो दहा वर्षांपूर्वी वारला आहे, असे नंतर निघण्यापेक्षा आधीच मिळकतकराची नोंद आणि मिळकत पत्रिका दोन्ही पाहून घ्या. कलम ५३ ची नोटीस मिळालेल्याला मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. असा अर्ज आला की त्याचा निर्णय आधी लागला पाहिजे. तो प्रलंबित ठेवून केलेली कारवाई टिकवणे अवघड जाते.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाबाबत दिलेले निर्देश प्रत्येक निरीक्षकाने मुळातून वाचावेत. कारणे दाखवा नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवून बांधकामावरही चिकटवायची, किमान १५ दिवस द्यायचे, प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची, अंतिम आदेश कारणांसह द्यायचा, त्यानंतर आणखी १५ दिवस थांबायचे आणि पाडकामाचे चित्रीकरण करायचे, असा तो क्रम आहे. नोटीस बजावताच जिल्हाधिकारी कार्यालयाला ई-मेल करायचा असतो, कारण मागील तारखेची नोटीस दाखवल्याचा आरोप होऊ नये. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय यांवरची अनधिकृत बांधकामे आणि न्यायालयाने पाडायला सांगितलेली बांधकामे यांना हे निर्देश लागू नाहीत. उल्लंघन झाल्यास संबंधित अधिकारी व्यक्तिशः जबाबदार धरला जातो, आणि कागद तयार करणारे हात तुमचे असतात हे लक्षात घ्या. त्याच वर्षी १७ डिसेंबरच्या दुसऱ्या निर्णयात मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी लावलेला असावा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून नोंद ठेवावी आणि भोगवटा प्रमाणपत्राआधी जागा प्रत्यक्ष पाहावी, असेही सांगितले आहे.

७. धोकादायक इमारती

पावसाळ्याआधी ही कामे एकदम अंगावर येतात. महानगरपालिका अधिनियमातले कलम २६४ त्यासाठी आहे आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीसाठी २६५-अ. इमारतींचे चार वर्ग असतात. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याची, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्तीची, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्तीची आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. वर्ग ठरवणे तज्ज्ञ संरचना अभियंत्याच्या अहवालावर सोपवा, स्वतःच्या नजरेवर नको. मालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात सी-१ हा शिक्का हत्यार म्हणून वापरला जातो, आणि दोन्ही बाजूंचे अहवाल परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव ठेवा.

बाहेरून इमारत ठीक दिसते म्हणून तळमजल्यावरच्या दुकानात आत जायचे टाळू नका. घाटकोपरची साई सिद्धी इमारत २५ जुलै २०१७ रोजी कोसळून १७ जण मेले, तेव्हा तळमजल्यावर चालू असलेले फेरबदल तपासाच्या केंद्रस्थानी होते. ‘अंतर्गत सजावट’ म्हणून सांगितलेल्या कामात भिंत पाडली जाते की खांबाला हात लागतो, हे आत गेल्याशिवाय कळत नाही.

८. दबाव, पैसे आणि माणसे

४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळ शीळफाट्याला अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा जीव गेला आणि अटक झालेल्यांत महापालिकेचे अधिकारीही होते. चहापाण्यापासून सुरू होणारी वाट कुठे जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको. पैसे देऊ करणाऱ्याशी एकट्याने, कार्यालयाबाहेर बोलू नका. मागणी वरून येत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक नागरिकांइतकाच तुमच्यासाठीही आहे.

दबाव बहुधा फोनवर येतो : ‘जरा बघून घ्या’, ‘आपलाच माणूस आहे’. उत्तरादाखल वाद घालू नका. पाहणी करा, अहवाल त्याच दिवशी आवक-जावक नोंदीत घाला आणि वरिष्ठांकडे टिप्पणी सादर करा. एकदा जावक क्रमांक पडला, की फोन करणाऱ्याचा रस तुमच्यातून कमी होतो. तोंडी आदेश मिळाला, तर ‘आपण दूरध्वनीवर दिलेल्या सूचनेनुसार’ असे लिहून टिप्पणी फिरवा. बहुतेक वेळा ती सूचना परत घेतली जाते. तक्रारदारालाही पोहोच आणि लेखी उत्तर द्या. त्याचा हेतू शेजाऱ्याशी वैराचा असू शकतो, पण माप खरे निघाले तर हेतूला काही अर्थ राहत नाही.

९. बीटचा कार्यभार घेताना

आधीच्या सहकाऱ्याकडून कार्यभार घेताना फक्त नस्त्यांची संख्या मोजून सही करू नका. चार याद्या लेखी मागा : चालू प्रारंभ प्रमाणपत्रे (बांधकाम सुरू करण्याच्या परवानग्या) आणि त्यांच्या मुदती, बजावलेल्या पण पुढे न गेलेल्या नोटिसा, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वापरात आलेल्या इमारती, आणि दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम असलेल्या मिळकती, पुढच्या तारखांसह. शेवटची यादी सर्वांत आधी तपासा. मनाई हुकूम असलेल्या बांधकामावर चुकून कारवाई झाली, तर अवमानाची नोटीस त्या दिवशी बीटवर असलेल्या माणसाच्या नावाने येते. आणि हुकूम केव्हाच उठला असताना कारवाई केली नाही, तर त्याचा खुलासाही त्याच माणसाला द्यावा लागतो. विधी विभागात स्वतः जाऊन प्रत्येक दाव्याची सद्यःस्थिती लिहून घ्या, त्यावर तिथल्या लिपिकाची सही घ्या, आणि मगच कार्यभार स्वीकारल्याच्या कागदावर आपली सही करा.